उतराई : एका जुन्या शब्दाचा जमाखर्च

घेतलेले परत देणे या व्यवहारासाठी आजच्या लिखित मराठीत 'परतफेड' हा एकच शब्द बहुतेक ठिकाणी पुरेसा मानला जातो. बँकेचे कर्जपत्र, पतपेढीचा सूचनाफलक, न्यायालयाचा निकाल आणि वर्तमानपत्रातील बातमी या चारही ठिकाणी तो सारख्याच निर्विकारपणे येतो, आणि त्याच्या या सर्वसंचारामुळे एकेकाळी त्याच्याभोवती नांदणारे अनेक शब्द कडेला सरकले आहेत. भरपाई, बेबाकी, फारखत, फिटंफाट, पांग फेडणे आणि उतराई होणे या शब्दांपैकी काहींचे अर्थ बदलले, काही जुन्या दप्तरांत राहिले, तर 'उतराई' हा शब्द निरोपसमारंभ, सत्काराची भाषणे आणि ग्रंथांच्या आरंभीचे ऋणनिर्देश एवढ्यापुरता उरला. प्रस्तुत विवेचन या शेवटच्या शब्दाभोवती फिरते. मात्र त्याचा अर्थ एकट्याने उलगडत नाही, त्याच्या सोयऱ्याधायऱ्यांसह उलगडतो, म्हणून त्या सर्वांचा परिचय येथे क्रमाने करून दिला आहे.

या विवेचनातील मुख्य प्रतिपादन थोडक्यात असे आहे की, जे मोजता येते त्या देण्यासाठी मराठीने 'फेड' हा शब्द ठेवला आणि जे मोजता येत नाही त्या देण्यासाठी 'उतराई' हा शब्द ठेवला. हे दोन व्यवहार वेगळे राहिले तोवर भाषा आणि माणूस दोघेही सुरक्षित राहिले, आणि मोजता येणारे देणे न फिटणाऱ्या उपकाराच्या वेषात उभे केले गेले तेव्हा माणूसच गहाण पडला. या प्रतिपादनाची तपासणी करण्यासाठी ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीचा पट्टा निवडण्याचे कारणही शब्दातच आहे. 'उतराई'च्या मुळाशी पाणी ओलांडणे आहे आणि हा पट्टा उल्हास नदी व तिच्या खाडीच्या काठावर वाढला आहे; शिवाय कल्याणसारखे प्राचीन बंदर, जुन्या ठाणे जिल्ह्यातील सावकारी व वेठबिगारी, टिटवाळ्याचे नवसाचे देवस्थान आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील नागरी सहकारी बँका, असे देण्याघेण्याचे जवळजवळ सगळे प्रकार या लहानशा प्रदेशात एकमेकांच्या शेजारी सापडतात.

शब्दाचे रूप

'उतराई' हा शब्द 'उतरणे' या क्रियापदाशी जोडलेला आहे, आणि उतरणे याच्या मागे संस्कृतातील 'उद्' हा उपसर्ग लागलेला 'तॄ' हा धातू आहे. तॄ म्हणजे तरणे, पाणी पार करणे. त्याला उद् जोडला की पाण्यातून वर येणे, पैलतीराला लागणे असा अर्थ होतो. याच धातूपासून 'उत्तीर्ण' हा शब्द झाला. आज तो परीक्षेपुरता ऐकू येतो. परंतु जुन्या मराठीत उपकारातून वा ऋणातून मोकळ्या झालेल्या माणसालाही उत्तीर्ण म्हणत असत, आणि त्या अर्थी 'उत्तीर्ण' व 'उतराई' हे जवळजवळ जुळे शब्द होते. मराठीत उतरण्याला आणखी एक अर्थ चिकटला, तो म्हणजे डोक्यावरचे खाली ठेवणे. ओझे उतरते, ताप उतरतो, दृष्ट उतरवली जाते. त्यामुळे 'उतराई'त दोन चित्रे एकमेकांवर पडली आहेत, एक पाणी ओलांडून काठाला लागलेल्या माणसाचे आणि दुसरे डोक्यावरचा भार जमिनीवर टेकवणाऱ्या माणसाचे.

यातले पहिले चित्र खाडीकाठच्या वाचकाला नवे नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत आगगाडी धावली आणि पुढील वर्षी, मे १८५४ मध्ये, खाडी ओलांडून ती कल्याणला पोचली; तोवर या भागातील माणसाला पलीकडे जायचे तर 'तर' हाच आधार होता. तर म्हणजे माणसे व माल पार करणारी नाव. रेल्वे आल्यावरही ही वहिवाट एकदम संपली नाही. डोंबिवलीच्या मोठागावातून समोरच्या माणकोलीला होडीने जाणे अगदी अलीकडच्या काळापर्यंत लोकांच्या अंगवळणी होते. आगगाडीने मात्र या धातूचा एक शब्द जपून ठेवला. प्रवाशाला जुन्या मराठीत 'उतारू' म्हणत आणि रेल्वेच्या संदर्भात तो शब्द बराच काळ टिकला. आता त्याची जागा 'प्रवासी'ने घेतली आहे. उतारू आणि उतराई हे एकाच कुळातले शब्द आहेत, हे कल्याण-डोंबिवलीहून रोज निघणाऱ्याच्या ध्यानात येण्याचे आता काही कारण उरलेले नाही.

हिंदीत आणि अवधीत हाच शब्द नावेचे भाडे या अर्थाने येतो. तुलसीदासांच्या रामचरितमानसातील केवट, म्हणजे नावाडी, रामाचे पाय धुण्याची परवानगी मागतो आणि उतराई नको म्हणतो. तेथे उतराई म्हणजे सरळसरळ पार नेण्याचे मोल. मराठीतही शब्दाची घडण मोलाचीच दिसते, कारण शिवण्याचे मोल ती शिलाई, गुरे चारण्याचे मोल ती चराई, त्या न्यायाने उतरवण्याचे मोल ती उतराई ठरावी. परंतु मराठीने येथे वेगळी वाट धरली. मराठीत कोणी कोणाला उतराई 'देत' नाही. माणूस उतराई 'होतो'. शब्दाचे रूप मोबदल्याचे राहिले आणि वापर मात्र अवस्थेचा झाला. परतफेड ही क्रिया आहे, ती केली की संपते, आणि ती दुसऱ्याच्या हस्तेही करता येते. उतराई ही देणाऱ्याची स्वतःची स्थिती आहे, म्हणून ती दुसऱ्याकरवी होत नाही. व्याकरणातील हा लहानसा फरक या संपूर्ण विषयाचा कणा आहे.

फेड : गाठीचे चित्र

'फेडणे' या क्रियापदाचा आजचा मुख्य अर्थ कर्ज देऊन टाकणे असा असला, तरी मुळात ते सोडवण्याचे, उलगडण्याचे क्रियापद आहे. वस्त्र फेडले जाते, म्हणजे नेसलेले सोडले जाते. नवस फेडला जातो, पारणे फेडले जाते, शंका फेडली जाते. त्याचे अकर्मक रूप 'फिटणे'. गाठ फिटते, हौस फिटते, डोळ्यांचे पारणे फिटते, आणि त्याच रांगेत कर्जही फिटते. मराठी कानाने कर्ज ही गाठ मानली आणि फेड म्हणजे ती गाठ सोडवणे असे ठरवले. गाठीला दोन टोके असतात. ती सुटली की दोन्ही टोके मोकळी होतात, ऋणकोही आणि धनकोही. ऋणको म्हणजे कर्ज घेणारा आणि धनको म्हणजे देणारा. ही जोडी कायद्याच्या मराठीने जतन केली आहे, आणि तिच्या मागे संस्कृतातील अधमर्ण व उत्तमर्ण ही जोडी उभी आहे, जिच्यात देणारा उत्तम आणि घेणारा अधम हा निवाडा शब्दातच करून टाकलेला आहे. मराठी जोडीने तो निवाडा टाळला, हे नोंदवण्यासारखे आहे.

फेड संपूर्ण झाल्याची खूण कागदावर राहत असे. कर्जाचा लेखी दस्त तो 'खत' किंवा 'रोखा'. रक्कम पोचली की धनको त्यावर 'भरून पावलो' अशा अर्थाची नोंद करी, आणि त्या नोंदीला 'भरपाई' म्हणत. म्हणजे भरपाई हा मुळात पूर्ण रक्कम मिळाल्याच्या कबुलीचा शब्द आहे. आज तो नुकसानीच्या मोबदल्यासाठी वापरला जातो, तर 'भरून पावलो' हा वाक्प्रचार कृतकृत्यतेसाठी, आणि बहुधा उपहासाने, ऐकू येतो. खात्यावर बाकी न उरणे ते 'बेबाक', बे म्हणजे वाचून आणि बाकी म्हणजे शिल्लक. परस्परांवर कोणताही दावा उरला नाही असे लिहून देणे ती 'फारखत', अरबीतील फारिग म्हणजे मोकळा आणि खत म्हणजे लेख यांवरून आलेली. हीच फारखत पुढे 'फारकत' होऊन नवराबायकोच्या काडीमोडीसाठी रूढ झाली. हिशेब पुरा मिटणे आणि नाते पुरे तुटणे यांत जनभाषेला फारसे अंतर वाटले नाही, असा त्याचा अर्थ लावता येतो. बोलीतील 'फिटंफाट' या शब्दातही हेच ऐकू येते, देणे फिटले आणि त्याच दमात काहीतरी फाटले.

खताच्या तीन गती महाराष्ट्राच्या स्मृतीत ठळक आहेत. फिटलेले खत फाडले जाई, ही पहिली. तुकाराम महाराजांनी महाजनकीच्या वारशात आलेल्या खतांपैकी आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडवली आणि भावाच्या वाट्याची त्याच्या हाती ठेवली, असे परंपरा सांगते. ही दुसरी गती, धनकोने स्वतः गाठ सोडल्याची. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची खते हिसकावून जाळली आणि तो वणवा पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील गावोगाव पसरला, ही तिसरी. दख्खनच्या त्या दंग्यांचा रोख मुख्यतः माणसांवर नव्हता, कागदांवर होता, कारण गाठ त्या कागदात मारलेली आहे हे शेतकऱ्याला पुरते ठाऊक होते. त्यानंतर १८७९ साली शेतकऱ्यांच्या कर्जांबाबत स्वतंत्र कायदा करावा लागला. व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येऊ नये, हा 'दामदुप्पट' नावाचा दंडक त्याहून कितीतरी जुना, मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायाइतका मागे जाणारा आहे, आणि मुंबईच्या उच्च न्यायालयाने तो हिंदू कायद्याचा भाग म्हणून मान्य केला होता. दामदुप्पटीचा आशय एवढाच की मोजण्याला कोठेतरी अखेर असावी.

वसुलीच्या साधनांचीही शब्दकोशात भर पडली आहे. धनकोने वा त्याने नेमलेल्या माणसाने ऋणकोच्या दारात बसून त्याला हैराण करणे तो 'तगादा', आणि उपाशी बसून त्याच्यावर नैतिक दडपण आणणे ते 'धरणे'. पेशवाईच्या अखेरीस या पद्धती सर्रास चालत असत आणि १८१९ साली एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला त्यात तगाद्याचे वर्णन आले आहे. धरणे हा शब्द आज जिल्हाधिकारी कचेरीसमोर बसलेल्या आंदोलकांचा झाला आहे. एका परीने त्याचा अर्थ बदललेला नाही. सरकार आपले काही देणे लागते, हे सांगण्यासाठीच तेथे बसायचे असते.

न फेडण्याचे देणे

प्रत्येक देणे फेडायचेच असते, असे मात्र या परंपरेने कधी मानले नाही. नाशिकच्या लेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा एक लेख आहे. विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, तीन हजार कार्षापण ठेवल्याची नोंद त्यात आहे. त्यांपैकी दोन हजारांवर शेकडा एक आणि हजारावर शेकडा पाऊण असे दरमहा व्याज ठरवले असून त्यातून भिक्षूंच्या वस्त्रांचा आणि किरकोळ गरजांचा खर्च चालायचा होता. मुद्दल परत करायचे नाही, व्याज तेवढे उपभोगायचे, असे तेथील प्राकृतात स्पष्ट लिहिले आहे. परतफेडीचा निषेध करणारा, म्हणजे ती होऊच नये असे बजावणारा, महाराष्ट्राच्या भूमीवरील हा फार जुना लेख होय. कान्हेरीच्या लेखांत कल्याणच्या रहिवाशांची दाने नोंदलेली आहेत आणि तेथेही अक्षयनीवी, म्हणजे ज्यातील मुद्दल कधीच खर्च होत नाही अशी ठेव, ही कल्पना आढळते. परत न करण्याची अट येथे ऋणकोच्या गळ्यातला फास नसून समाजाच्या कामासाठी धनकोने स्वतःवर घातलेले बंधन आहे.

वैदिक परंपरेने याहून पुढे जाऊन माणूस जन्मतःच ऋणी असतो असे सांगितले. तैत्तिरीय संहितेत देव, ऋषी आणि पितर यांची तीन ऋणे येतात, शतपथ ब्राह्मणात माणसांचे चौथे ऋण त्यांत मिळवले आहे. यज्ञाने देवांचे, अध्ययनाने ऋषींचे, संततीने पितरांचे आणि आदरातिथ्याने माणसांचे ऋण चुकते होते. येथे लक्षात घ्यायचे ते असे की यांपैकी शेवटच्या तिन्ही ऋणांत जे घेतले ते ज्याच्याकडून घेतले त्याला परत मिळत नाही. ज्ञान गुरूला परत न करता शिष्याला द्यायचे असते आणि जन्म आईबापांना परत न करता मुलांना. मराठीतील 'उतराई'चा आशय या मुळाला फार जवळचा आहे. 'पांग फेडणे' हा वाक्प्रचारही त्याच घरातला. पांग म्हणजे उणीव, गरज, दुसऱ्यावर अवलंबून राहण्याची वेळ. मुलाने आईबापांचे पांग फेडले म्हणजे त्यांनी खर्चलेली रक्कम मोजून दिली असे नव्हे, तर त्यांच्या वाट्याला आलेली वाण भरून काढली. हाच वाक्प्रचार उलटा फिरवून 'चांगले पांग फेडलेस' असे म्हटले की त्याइतका बोचरा उपहास दुसरा नाही, आणि 'हे पाप कुठे फेडशील' या प्रश्नाला तर उत्तराची अपेक्षाच नसते.

संतसाहित्यात 'उतराई' हा शब्द येतो तो बहुधा अशाच प्रश्नाच्या किंवा नकाराच्या रूपात. संतांचे उपकार सांगताना तुकाराम महाराजांनी तो योजला आहे, आणि तेथेही भाव असा की देण्याजोगे हाती काही नाही. शब्दकोशांत 'उतराई'समोर 'ऋणमुक्त' अशा आशयाचा अर्थ सापडतो. १८३१ साली प्रथम आणि १८५७ साली वाढवून प्रसिद्ध झालेला मोल्सवर्थचा कोश असो, किंवा १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत निघालेला दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश असो, अर्थ सांगताना त्यांना होकारार्थीच सांगावा लागतो. प्रत्यक्ष वापरात मात्र 'उतराई कसा होऊ', 'उतराई होणे शक्य नाही', 'अंशतः उतराई होण्याचा हा प्रयत्न' हीच रूपे रूढ आहेत. ऋणमुक्तीसाठी असलेला शब्द ऋणमुक्ती अशक्य असल्याचे सांगण्यासाठी वापरला जातो, आणि त्या सांगण्यानेच ऐकणाऱ्याचे समाधान होते.

शेजारचा हिशेब

मोजलेली फेड आणि न मोजलेली उतराई यांच्या मधोमध एक मोठा प्रदेश आहे, आणि सामान्य घरांचे बहुतेक देणेघेणे तेथेच चालते. 'उसने' म्हणजे बिनव्याजी, बहुधा त्याच वस्तूच्या रूपात परत करायचे घेणे. डोंबिवली किंवा ठाण्यातील चाळींत वाटीभर साखर, कपभर दूध, चार कांदे असे उसने जात आणि येत. पैसे असतील तर त्याला 'हातउसने' म्हणत, कारण ते हातातून हातात जात आणि मधे कागद नसे. या व्यवहाराचा एक अलिखित नियम असा की शेजारचे भांडे रिकामे परत करू नये. पदार्थ आलेल्या डब्यातून दुसरे काही ना काही जावे, निदान चिमूटभर साखर तरी. त्यामागचे तत्त्व फारखतीच्या नेमके उलटे आहे. हिशेब पुरता मिटला तर जाण्यायेण्याचे कारण संपते, म्हणून तो थोडासा उघडा ठेवायचा असतो.

आहेराची वही हे याचे अधिक औपचारिक रूप. लग्नात आलेला आहेर नावानिशी लिहून ठेवण्याची पद्धत ठाणे-कल्याण परिसरातील आगरी-कोळी समाजांप्रमाणेच इतर अनेक समाजांत होती. देणाऱ्याच्या घरी कार्य निघाले की ती वही उघडली जाई आणि आलेल्याहून काकणभर सरस आहेर केला जाई. पत्रिकेवर 'आहेर आणू नयेत' असे छापण्याची रीत वाढल्यापासून ही वही मागे पडली, आणि तिच्याबरोबर कोणाचे काय देणे लागते याची कुटुंबागणिक असलेली एक लेखी स्मृतीही गेली. कोकणपट्टीच्या भातशेतीत 'सावड' ही याच जातीची. लावणीच्या वा कापणीच्या घाईत एका घरची माणसे दुसऱ्याच्या शेतात राबत आणि ते देणे मजुरीने नव्हे तर तितक्याच दिवसांच्या श्रमाने फेडले जाई. दिवसाच्या बदल्यात दिवस, हा हिशेब मोजलेलाही होता आणि मानाचाही.

वेठ : शब्दांची अदलाबदल

मोजणी आणि मान यांची ही सांगड जेथे तुटली, त्याचे सर्वांत कठोर उदाहरण जुन्या ठाणे जिल्ह्यातच आहे. तेव्हाच्या या जिल्ह्यात आजचा पालघर जिल्हाही मोडत असे. तो १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला. डहाणू, उंबरगाव या भागांतील वारली तरुण लग्नाच्या खर्चासाठी आणि 'देज', म्हणजे वधूच्या घरी द्यायचे मूल्य, यासाठी जमीनदाराकडून वा सावकाराकडून थोडी रक्कम घेई आणि ती फिटेपर्यंत त्याच्या घरी गडी म्हणून राबण्याचे कबूल करी. अशा माणसाला 'लग्नगडी' म्हणत. त्याच्या श्रमाची मजुरी हिशेबात धरली जात नसे, किंवा इतकी कमी धरली जाई की मुद्दल हलत नसे. त्याच्याबरोबर त्याच्या बायकोलाही राबावे लागे, आणि देणे पुढच्या पिढीवर जाई. मुंबई प्रांताच्या सरकारने नेमलेल्या डी. सिमिंग्टन या अधिकाऱ्याने आदिवासी व डोंगरी जमातींसंबंधी जो अहवाल दिला, तो १९३९ साली प्रसिद्ध झाला आणि त्यात या पद्धतीचे स्पष्ट वर्णन आहे. गोदावरी परुळेकर यांच्या १९७० सालच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या ग्रंथाने ती मराठी वाचकाच्या घरात आणली.

भाषेच्या अंगाने पाहिले तर लग्नगड्याच्या बाबतीत एक अदलाबदल झालेली दिसते. घेतलेली रक्कम रुपयांत मोजलेली होती, म्हणून ते देणे 'फेडी'चे होते. परंतु ते वागवले गेले 'उतराई'च्या रीतीने, जणू लग्न लावून देणाऱ्याचे उपकार जन्मभर फिटायचेच नाहीत. उपकार म्हणून सांगितलेल्या गोष्टीचा हिशेब मागणे कृतघ्नपणाचे ठरते, आणि म्हणून तो मागितला गेला नाही. 'मायबाप' हे संबोधन या अदलाबदलीवर चढवलेले आवरण होते.

ती अदलाबदल उलटवण्याचा आरंभ कल्याणच्या शेजारी झाला. जानेवारी १९४५ मध्ये कल्याण तालुक्यातील टिटवाळा येथे महाराष्ट्रातील किसान सभेची स्थापना-परिषद भरली. जिल्ह्याच्या उत्तर भागातून आलेले वारली तेथे होते. त्याच वर्षीच्या मे महिन्यात उंबरगाव तालुक्यातील झरी येथे जमलेल्या हजारो आदिवासींनी वेठ आणि लग्नगडीपण नाकारण्याची शपथ घेतली, आणि पुढच्या काळात लग्नगडी मोकळे होऊ लागले. आंदोलनाच्या मागण्या पाहिल्या तर त्यांत मोजणीचा आग्रह ठळक आहे. कामाला दर ठरवा, गवतकापणीला दर ठरवा, दिवसाची मजुरी रोख द्या. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमावावर गोळीबार झाला, त्यात जेठ्या गांगड याच्यासह काही आदिवासी मारले गेले, आणि तरीही मागणी बदलली नाही. ज्याला दर आहे ते कधीतरी फिटते, ही समज या लढ्याच्या मुळाशी होती.

टिटवाळ्याची दुसरी ओळख महागणपतीच्या देवळाची आहे, आणि मुंबई-ठाण्याकडचे असंख्य लोक तेथे नवस फेडायला जातात, हा योगायोग या विषयाच्या अभ्यासकाला उपयोगाचा आहे. नवस हा देवाशी केलेला करार असून त्यात काय द्यायचे ते बोलणारा स्वतः ठरवतो, तेवढेच देतो आणि मोकळा होतो. देव त्यावर व्याज लावत नाही. एकाच गावात, देवळात आणि परिषदेच्या मंडपात, 'फेडणे' या क्रियापदाचा मूळ अर्थ, म्हणजे गाठ सुटणे, दोन वेगळ्या मार्गांनी जपला गेला.

वेठबिगारी संपवणारा केंद्रीय कायदा १९७६ साली झाला. बंधनात अडकवणारे कर्ज फेडण्याची जबाबदारीच त्याने संपुष्टात आणली, आणि अशा संपलेल्या कर्जापोटी काही स्वीकारणे हा धनकोचा गुन्हा ठरवला. परतफेड घेणे हाच गुन्हा, अशी तरतूद कायद्याच्या भाषेत क्वचितच आढळते. तरीही ठाणे जिल्ह्यातील वसई, भिवंडी या भागांत पुढेही अनेक वेठबिगार सापडले आणि १९८० नंतर श्रमजीवी संघटनेसारख्या संघटनांना त्यांच्या मुक्ततेसाठी काम करावे लागले. वीटभट्ट्यांवर जाणारी कातकरी कुटुंबे हंगामाआधी जी आगाऊ रक्कम घेतात तिला 'बयाणा' किंवा 'उचल' म्हणतात. उचल म्हणजे उचललेले ओझे, आणि तिचा जोडशब्द ओझे खाली ठेवण्याचा असायला हवा. परंतु 'उचल फिटली नाही' हेच वाक्य अधिक वेळा ऐकू येते. सरकारनेही आदिवासींच्या पावसाळ्यातील उपासमारीसाठी 'खावटी' कर्ज सुरू केले, खावटी म्हणजे नवे पीक येईपर्यंत पोटासाठी आगाऊ दिलेले धान्य. २०२० साली या योजनेने कर्जाऐवजी अनुदानाचे रूप घेतले, म्हणजे परतफेडीचा प्रश्न मुळातूनच वगळला गेला.

बोजा आणि हप्ता

शहरी भागात याच काळात वेगळी घडण झाली. डोंबिवली नागरी सहकारी बँक १९७० साली, ठाणे जनता सहकारी बँक १९७२ साली आणि कल्याण जनता सहकारी बँक १९७३ साली उभी राहिली. पगारदार, दुकानदार आणि लघुउद्योजक यांच्या ठेवींतून त्यांच्यासारख्यांनाच कर्ज देणे हा या संस्थांचा पाया होता, आणि धनको व ऋणको दोघेही एकाच संस्थेचे सभासद असण्यामुळे उत्तमर्ण-अधमर्ण हा जुना निवाडा निदान तत्त्वतः रद्द झाला. 'पत' हा शब्दही याच जगातला. पत म्हणजे विश्वास, आणि पतपेढी म्हणजे विश्वासावर चालणारी पेढी.

या जगाचा खरा शब्द मात्र 'हप्ता' आहे. फारसीत हफ्त म्हणजे सात, त्यावरून हप्ता म्हणजे आठवडा. मराठीत तो ठरावीक मुदतीने भरायचा कर्जाचा अंश झाला आणि त्याची मुदत आठवड्याची न राहता महिन्याची झाली. घरासाठी घेतलेल्या कर्जाचा पंधरा-वीस वर्षांचा हप्ता हा कल्याण-डोंबिवलीच्या मध्यमवर्गीय घराचा कणा आहे, आणि त्याच्या पूर्ततेनंतर मिळणाऱ्या कागदाला जुन्या काळी बेबाकी म्हटले असते ते आता 'थकबाकी नसल्याचा दाखला' म्हणतात. हाच शब्द दहशतीने उकळल्या जाणाऱ्या रकमेसाठीही वापरला जातो, आणि त्या अर्थाने त्याची मुदत कधीच संपत नाही.

जमिनीच्या कागदांनी मात्र 'उतराई'चे जुने चित्र अजून सांभाळले आहे. सातबारा उताऱ्यावरील 'इतर हक्क' या रकान्यात कर्जाची नोंद झाली की तिला 'बोजा चढला' म्हणतात, आणि कर्ज फिटल्यावर तो उतरवून घ्यावा लागतो. शेतकऱ्याच्या डोक्यावरचे ओझे कागदाच्या डोक्यावर जाऊन बसले, एवढाच फरक. कर्ज माफ करण्याच्या मागणीला 'सातबारा कोरा करा' असे रूप आले तेही याच चित्रातून. सरकारच्या भाषेतही शब्दांची निवड बदलत गेलेली दिसते. लोक 'कर्जमाफी' म्हणत राहिले, पण महाराष्ट्र शासनाच्या २०१९ सालच्या योजनेच्या नावात 'कर्जमुक्ती' हा शब्द आला. माफी अपराधाला असते आणि मुक्ती बंधनातून होते. कर्ज हा अपराध नव्हे, गाठ आहे, हे 'फेडणे' या क्रियापदाने पूर्वीच सांगून ठेवले होते.

वाचनाची एक कसोटी

येथवरच्या परिचयातून अभ्यासकाच्या हाती एक कसोटी येते. एखाद्या देण्याचा उल्लेख आला की ते मोजता येणारे आहे काय, हे प्रथम पाहावे; येणारे असेल तर त्याला दर, मुदत, पावती आणि अखेर असली पाहिजे, आणि त्याबाबत कृतज्ञतेची भाषा वापरली जात असेल तर सावध व्हावे. मोजता न येणारे असेल तर 'उतराई' हा शब्द कोण उच्चारतो ते पाहावे. मराठीच्या रूढ वापरात हा शब्द नेहमी उपकृत माणसाच्या तोंडी असतो आणि तो स्वतःविषयीच बोलतो. उपकार करणारा समोरच्याला 'माझा उतराई हो' असे म्हणत नाही, आणि म्हटलेच तर त्या क्षणी उपकाराचे खत होते. ग्रंथकार आपल्या साहाय्यकांच्या ऋणातच राहणे पसंत करतो असे ऋणनिर्देशात लिहितो, ते वाक्य कितीही गुळगुळीत झालेले असले तरी निर्दोष आहे, कारण ते त्याने आपणहून लिहिलेले असते. लग्नगड्याकडून जन्मभर वदवून घेतले गेले तेही अर्थाने हेच वाक्य होते, फक्त ते त्याचे नव्हते.